रात्र किती काळी होती

पेशवाईतल्या मोडी पत्राच्या शेवटी बहुतेक वेळा एक ‘छ’ असतो. त्याच्यापुढे एक आकडा, आणि मग मराठी तोंडात रुळलेलं अरबी महिन्याचं नाव: रबिलावल, जमादिलाखर, रजब, जिल्काद. हा ‘छ’ म्हणजे चंद्र. ‘छ ७ रजब’ म्हणजे रजब महिन्यातला सातवा चंद्र. मोडी शिकायला येणारी मुलं इथपर्यंत पोचली की लगेच जंत्री उघडतात, इंग्रजी तारीख शोधतात, ती वहीत उतरवतात आणि पुढच्या पत्राकडे वळतात. मी त्यांना थांबवतो. तारीख काढाच, पण त्याआधी एक प्रश्न विचारा: हे पत्र लिहिलं त्या रात्री बाहेर उजेड किती होता?

हा प्रश्न मी हट्टाने विचारतो, कारण त्याचं उत्तर त्या एका आकड्यात असतं आणि तारीख करताना ते पुसलं जातं. ‘४ फेब्रुवारी’ या शब्दांत चंद्र नाही. ‘माघ वद्य नवमी’ या शब्दांत आहे. आपल्या इतिहासातल्या किती तरी गोष्टी रात्री घडल्या. कडे चढले गेले, वेढे फोडले गेले, दिंड्या उघडल्या गेल्या. त्या रात्री काळोखाच्या होत्या की चांदण्याच्या, हे माहीत नसेल तर ती माणसं नेमकं काय करत होती ते आपल्याला अर्धंच कळतं.

आधी गणित थोडक्यात. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. अशा ३० तिथींचा एक चांद्रमास. त्याला सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त वेळ लागतो. बारा महिन्यांचे साधारण ३५४ दिवस होतात, म्हणजे ऋतूंच्या वर्षापेक्षा अकरा दिवस कमी. ही तूट भरून काढायची युक्ती फार जुनी आहे. वेदांगज्योतिषात पाच वर्षांचं एक युग धरलं आहे. त्याचे दिवस १८३० आणि चांद्रमास ६२. पाच वर्षांचे साठ महिने, आणि वर दोन अधिक. पुढे गणित सुधारलं, पण विचार तोच राहिला: महिना चंद्राचा, वर्ष सूर्याचं, आणि दोघांची गाठ अधिकमासाने मारायची. म्हणून आपली दिवाळी पुढेमागे होते, पण पावसाळ्यात जात नाही.

हिजरी सनाने हा अधिकमास सोडून दिला. त्याचं वर्ष निव्वळ चंद्राचं. त्यामुळे रमजान दरवर्षी अकरा दिवस मागे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. पण महिन्याच्या आत दोन्ही कालगणना एकाच चंद्राकडे पाहतात. फरक आरंभाचा आहे. आपली प्रतिपदा अमावास्या संपताक्षणी सुरू होते, तर हिजरी महिना कोर डोळ्यांना दिसल्यावर. त्यामुळे शुद्ध पक्षात तिथीचा आकडा आणि ‘छ’चा आकडा यांच्यात एक-दोनाचं अंतर पडतं. हे एकदा लक्षात बसलं की जंत्री न उघडताही पत्रातली रात्र दिसू लागते. ‘छ १४’ म्हणजे भरलेलं चांदणं. ‘छ २७’ म्हणजे पहाटेपर्यंत मिट्ट काळोख.

शिवकाळात तिथी ठरत कशी होती? गावच्या बलुतेदारांत जोशी होता. पाडव्याला तो पंचांग वाचून दाखवायचा, पेरणीपासून लग्नापर्यंत सगळ्यांचे दिवस सांगायचा. त्याच्यामागचं गणित बहुतेक ठिकाणी एका कोकणी माणसाचं होतं. समुद्रकाठच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इसवी सन १५२० मध्ये, ‘ग्रहलाघव’ लिहिला. त्यांनी मोठमोठ्या युगांचे आकडे बाजूला ठेवले आणि अकरा वर्षांचं, ४०१६ दिवसांचं चक्र धरलं. ज्या-कोटिज्यांची कोष्टकं लागणारच नाहीत अशा रीती बसवल्या. पाच वर्षांनी ‘तिथिचिंतामणी’ची सारणी केली. त्यामुळे खेड्यातला जोशीसुद्धा बेरीज-वजाबाकीच्या बळावर वर्षाचं पंचांग मांडू शकला. शिवकालीन शकावल्यांमधल्या तिथी वाचताना मला नांदगावच्या त्या माणसाविषयी फार आदर वाटतो. त्याच्या आकड्यांनी तीन-साडेतीन शतकं महाराष्ट्राचे दिवस मोजले.

पण तिथी कळायला पंचांगच लागायचं असंही नाही. माझी आजी अंगणात उभी राहून चंद्राकडे बघायची आणि “आज षष्ठी असेल, सप्तमी नाही लागली अजून” असं सांगायची. तिला लिहिता येत नव्हतं. ज्या काळात रात्री दिव्याला तेल मोजून घालायचे, त्या काळात प्रत्येक शेतकऱ्याला, प्रत्येक वाटसरूला हे ज्ञान होतं. शुद्ध अष्टमीचा चंद्र सूर्य मावळताना डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो. पौर्णिमेचा संध्याकाळी उगवून पहाटेपर्यंत सोबत करतो. वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो. पुढे प्रत्येक रात्री आणखी उशीर. एवढं समजलं की इतिहासातल्या रात्री वाचता येतात.

पहिली रात्र पन्हाळ्याची. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले ती १२ जुलै १६६० ची रात्र, आषाढी पौर्णिमेची. चंद्राचा हिशेब केला तर वेढा फोडायला याहून वाईट रात्र नाही. मग काळोखाचं काम कुणी केलं? आषाढाने. मी त्या दिवसांत मसाईच्या पठारावरून रात्री चाललो आहे. ढग इतके खाली आलेले असतात की चंद्र कुठे आहे ते कळत नाही, पण त्याचा फिकट उजेड सगळीकडे झिरपलेला असतो. पायाखालची वाट दिसते, दहा पावलांवरचा माणूस ओळखू येत नाही. पावसाचा आवाज इतका की पायांचा आवाज त्यात बुडून जातो. शरण येण्याची बोलणी चालू असल्यामुळे वेढ्यातली माणसं सैलावली होतीच. ढगाआडच्या पौर्णिमेने पळणाऱ्यांना वाट दाखवली आणि पावसाने त्यांना झाकलं. अमावास्येची रात्र असती तर पालखी घेऊन त्या चिखलातून विशाळगडाची वाट तुडवणं कितीतरी अवघड झालं असतं.

दुसरी रात्र पुण्याची. शायिस्ताखान लाल महालात तळ देऊन बसला होता. छापा पडला ५ एप्रिल १६६३ च्या रात्री. शके १५८५, चैत्र शुद्ध अष्टमी, रामनवमीची आदली रात्र. त्याच वेळी रमजानचा पहिला आठवडा चालू होता. दिवसभर रोजा, सूर्यास्तानंतर जेवण, आणि मग जड झोप. अष्टमीचा अर्धा चंद्र रात्रीच्या पहिल्या भागात होता. त्या उजेडात छावणीच्या जवळ येता आलं, वाटा ओळखता आल्या. मध्यरात्र उलटली, चंद्र मावळला आणि छावणी अंधारात गेली. खानाची बोटं तुटली, त्याचा मुलगा अबुल फतह मारला गेला, आणि हल्लेखोर अंधारातच निघून गेले. येताना उजेड, जाताना काळोख: हे वेळापत्रक अष्टमीच देते. पौर्णिमा देत नाही, अमावास्याही नाही.

तिसरी रात्र आग्र्याची, १७ ऑगस्ट १६६६. श्रावण वद्य द्वादशी. चंद्र पहाटेपर्यंत उगवणारच नव्हता. पहारे चुकवून निघालेल्या माणसांना पुरी रात्र काळोखाची मिळाली. दुसऱ्या दिवशी गडबड उडाली तोवर ते शहरापासून लांब गेले होते. इथे कागद वाचणाऱ्याने एक गोष्ट जपायला हवी. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे ज्या पंधरवड्याला आपण श्रावण वद्य म्हणतो, त्यालाच आग्रा-जयपूरकडे भाद्रपद वदि म्हणतात. राजस्थानी पत्रांतला भाद्रपद आपला भाद्रपद धरला तर पुरा महिना चुकतो. महिन्याचं नाव बदललं तरी द्वादशी मात्र दोन्हीकडे द्वादशीच. आजही तसंच आहे. २०२३ साली टिळक पंचांग पाळणाऱ्यांची गणेश चतुर्थी २० ऑगस्टला झाली आणि इतरांची १९ सप्टेंबरला. वाद अधिकमास कुठे धरायचा याचा होता. चतुर्थीच्या कोरीविषयी कुणाचाच वाद नव्हता.

चौथी रात्र सिंहगडाची. पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेलेला हा किल्ला तानाजी मालुसऱ्यांनी घेतला ती ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, माघ वद्य नवमी. नवमीचा क्षीण चंद्र मध्यरात्र उलटून बराच वेळ झाल्यावर उगवतो. माघातलं आकाश स्वच्छ, पाऊस नाही, ढग नाहीत. चांदणं असतं तर कड्यावर चढणारा माणूस वरच्या पहारेकऱ्याला दिसला असता. म्हणून अशी रात्र हवी की जिचा पहिला निम्मा भाग पूर्ण काळा असेल. सभासदाच्या बखरीत पुढची हकीगत आहे: किल्ला घेतल्यावर पागेला आग लावली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला. काळ्या रात्रीत आगीचा उजेड कोसांवरून दिसतो, म्हणूनच ती खूण चालली. कडा चढायला जो काळोख लागला, त्यानेच निरोपही पोचवला.

पाचवी रात्र पुन्हा पन्हाळ्याची, पण या वेळी किल्ला घ्यायची. ६ मार्च १६७३, फाल्गुन वद्य त्रयोदशी. कोंडाजी फर्जंद आणि साठ माणसं कडा चढून वर गेली. त्रयोदशीचा चंद्र म्हणजे उजाडण्याच्या जरासा आधी दिसणारी कोर. सारी रात्र काळोखाची. माणसं साठ, आत शिबंदी कितीतरी पट. अंधारात समोरच्याला आपण किती आहोत ते कळत नाही, आणि थोड्यांना तेवढाच आधार पुरतो.

या पाच तिथी एकाखाली एक मांडल्या की त्यांच्यात एक शहाणपण दिसतं. चंद्र पाहून रात्र ठरवली असं सांगणारा कागद मी शोधत बसत नाही. डोंगरात वाढलेल्या मावळ्याला ते सांगायची गरजच नव्हती. नांगर कधी धरायचा हे जसं त्याला ठाऊक, तसंच कडा कोणत्या पंधरवड्यात चढायचा हेही. तिथी त्याच्या अंगात होती. आपल्याला ती कागदावरून वाचावी लागते.

आणि चंद्र नेहमी आपल्याच बाजूने होता असं नाही. १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी. पानिपतावर दुपारनंतर सैन्य फुटलं आणि माणसं जीव घेऊन पळाली. सूर्य मावळला तेव्हा अष्टमीचा चंद्र माथ्यावर होता आणि मध्यरात्र उलटेपर्यंत तो मावळणार नव्हता. सपाट मुलूख, हिवाळ्याची स्वच्छ रात्र, आणि पाठीवर घोडेस्वार. लाल महालात जी तिथी उपयोगी पडली होती, तीच तिथी पानिपतावर पळणाऱ्यांच्या मुळावर आली. पानिपतच्या कहाण्या आपण खूप ऐकतो. त्या चंद्राविषयी कुणी बोलत नाही.

आता पुन्हा त्या पत्राच्या टोकाकडे येऊ. पानिपतच्या सालातल्या कागदांवर साल असतं ‘इहिदे सितैन मया व अलफ’. एक, साठ, शंभर, हजार: शुहूर सन ११६१. हा सन हिजरीतून निघाला, पण चंद्रावर चालत नाही. सूर्य मृगात गेला की त्याचं वर्ष बदलतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. कारण उघड आहे. सारा पिकावर घ्यायचा, पीक पावसावर, पाऊस सूर्यावर. निव्वळ चांद्रवर्षाने वसुली केली असती तर तेहतीस वर्षांत रयतेकडून एका वर्षाचा सारा जादा घेतला गेला असता. म्हणून साल सूर्याचं आणि दिवस चंद्राचा. एकाच ओळीत अरबी सन, हिजरी चंद्र आणि कधी शेजारी शकाची तिथी. लिहिणारा ब्राह्मण कारकून असो की कायस्थ प्रभू, त्याला हे सगळं एकत्र नांदवायला जड जात नव्हतं. या ओळीकडे पाहिलं की मराठी राज्याचा कारभार किती वाटांनी घडला होता ते दिसतं.

या वाटा एकमेकींत मिसळल्या की तारखेचे घोटाळेही होतात, आणि ते सोडवायलाही तिथीच मदत करते. रायगडावरचा राज्याभिषेक घ्या. आपण म्हणतो ६ जून १६७४, शनिवार. जेधे शकावलीत वार आहे शुक्रवार. चूक कुणाचीच नाही. महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटका रात्र उरली होती. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, म्हणून अजून शुक्रवारच होता. इंग्रजांचा दिवस मध्यरात्री सुरू होतो, म्हणून त्यांच्या लेखी शनिवार लागला होता. हिजरी दिवस तर आदल्या सूर्यास्तालाच बदलला होता. शकावलीत तिथी द्वादशी दिली आहे आणि ती दिवसा किती घटकांना संपली तेही दिलं आहे, म्हणून आपण त्रयोदशी पाळतो. मुंबईहून आलेला हेन्री ऑक्झिंडन गडावर हजर होता. त्याच्या इंग्रजी जुन्या पंचांगात ती ६ जून. गोव्यातल्या पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच नवं ग्रेगोरियन पंचांग घेतलं होतं, त्यांच्या लेखी तोच दिवस १६ जून. या लेखातल्या सतराव्या शतकाच्या तारखाही जुन्या पंचांगातल्याच आहेत. चार दरबारांत चार नोंदी, आणि त्या सगळ्यांवर एकच चंद्र.

शिवजन्माच्या वादातही कामाला आली ती पंचांगाची भाषा. बखरींतली परंपरा शके १५४९ च्या वैशाख शुद्ध द्वितीयेची होती. कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रकाशात आणली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी नोंद निघाली. इथे वार, तिथी, नक्षत्र असे तीन साक्षीदार आहेत. गणित करून पाहिलं की १९ फेब्रुवारी १६३० ला खरोखर शुक्रवार पडतो आणि खरोखर वद्य तृतीयेचा चंद्र येतो. नुसती तारीख असती तर तपासायला हाती काहीच लागलं नसतं. महाराष्ट्र शासनाने २००१ साली १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली, तिच्या पायाशी ही तिथी आहे.

ही तपासणी आज आपल्याला सोपी वाटते, कारण काही माणसांनी आयुष्यं घालून कोष्टकं केली. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी १८८९ साली मराठी कागदांतल्या निरनिराळ्या सनांची जंत्री छापली. मुरूडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ चा. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेलबरोबर केलेलं त्यांचं भारतीय कालगणनेवरचं इंग्रजी पुस्तक लंडनला निघालं. दोनच वर्षांनी, पंचेचाळिशीच्या आत, ते वारले. १९२२ साली मद्रासेत स्वामिकन्नू पिल्लैंनी सातव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकापर्यंतच्या रोजच्या तिथी मांडल्या. आता संगणक क्षणात उत्तर देतो. पण संगणकाला काय विचारायचं ते कळण्यासाठी या लोकांची पुस्तकं हाताळलेली असावीत, असं मला मनापासून वाटतं.

तारीख नको असं मी म्हणत नाही. वर्षांचा क्रम लावायला, मुंबई-गोव्याच्या पत्रांशी मेळ घालायला ती हवीच. पण तिथी गाळून तारीख देणं म्हणजे नोंदीतली निम्मी माहिती टाकून देणं. दरवर्षी ४ फेब्रुवारीला माणसं सिंहगडावर जातात. एखाद्या वर्षी त्या रात्री पौर्णिमा असते, कडा चांदण्यात लख्ख दिसतो, आणि तिथे उभं राहून ती चढाई कशी झाली असेल हे कुणालाही उमगणार नाही. माघ वद्य नवमीला रात्री दहा वाजता कल्याण दरवाज्यापाशी उभं राहा. समोरचा माणूस दिसणार नाही. मग तानाजींनी काय केलं ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. शाळेच्या पुस्तकात, किल्ल्यावरच्या फलकावर, संग्रहालयातल्या कागदाखालच्या चिठ्ठीवर तारखेशेजारी तिथी छापा, आणि तिच्यापुढे एक वाक्य लिहा: चंद्र कधी उगवला, कधी मावळला. अर्ध्या ओळीची जागा लागेल. मोडीच्या वर्गात मी हे करायला लावतो, आणि तेव्हापासून मुलं पत्राची तारीख सांगताना रात्रही सांगतात. ज्यांनी ही पत्रं लिहिली त्यांनी ती माहिती आपल्यासाठी रोज, न चुकता, ‘छ’ काढून नोंदवून ठेवली आहे. ती वाचणं हे आपलं काम आहे.